इंजिन गेलं, नाक मात्र राहिलं

समजा, तुम्ही बहरीनमध्ये आहात. ऑगस्ट महिना, दुपारचे दोन, बाहेर ४२ अंश, आणि समुद्रावरची दमट हवा अंगाला चिकटतेय. कुणीतरी तुमच्या हातात एका लांबलचक, बुटक्या, दोन दारांच्या आलिशान इलेक्ट्रिक गाडीची किल्ली ठेवली. जाणार कुठे?

देशातल्या देशात फिरायचं तर प्रश्न लवकर संपतो. मुख्य बेट उत्तर-दक्षिण जेमतेम ५० किलोमीटर, तासाभरात रस्ता संपला आणि समोर समुद्र. पण पश्चिमेला किंग फहद कॉजवे आहे. १९८६ मध्ये सुरू झालेला हा २५ किलोमीटरचा समुद्रावरचा रस्ता थेट सौदी अरेबियात नेऊन सोडतो. तिथून पुढे वाळवंटातून सरळसोट रस्ता, आणि मनामापासून साधारण पाचशे किलोमीटरवर रियाध. जेवण करून निघायचं, एकदाही न थांबता, पाठ न दुखता, घाम न येता संध्याकाळी पोचायचं. ही गाडी याच कामासाठी असते. तिच्या प्रकाराला 'ग्रँड टूरर' म्हणतात, थोडक्यात जीटी.

आजचा प्रश्न असा: ही गाडी विजेवर चालायला लागली की तिचा आकार कोण ठरवतं? आतापर्यंत तो इंजिन ठरवत होतं. इंजिन गेलं. मग आता कोण? माझं उत्तर आहे, ऊन. निदान बहरीनमध्ये, आणि चंद्रपूर-नागपूरमध्येही, ते ऊनच असायला हवं. पॉडकास्टमध्ये बोलता बोलता आकडे निसटून जातात, म्हणून इथे ते सावकाश मांडते.

बॉनेट लांब का असायचं

'ग्रँड टूर' हा शब्द मोटारींपेक्षा जुना. सतराव्या-अठराव्या शतकात श्रीमंत ब्रिटिश घरातली तरुण मुलं शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून फ्रान्स-इटलीची लांब सफर करायची, ती ग्रँड टूर. पुढे १९५१ मध्ये इटलीच्या लान्चियाने आपल्या ऑरेलिया बी२० गाडीला 'जीटी' ही अक्षरं लावली, आणि ती अशा पहिल्या मोजक्या गाड्यांपैकी एक. अर्थ सरळ होता: रेसच्या गाडीसारखी पळणारी, पण दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन आरामात देश ओलांडणारी.

अशा गाडीला मोठं इंजिन लागायचं. सहा सिलिंडर एकामागे एक मांडले की इंजिन लांब होतं. ते पुढच्या चाकांच्या मधे आणि थोडं मागे बसवायचं, त्याच्यामागे चालकाने बसायचं, आणि छप्पर उतरत मागच्या चाकांपर्यंत न्यायचं. झाली जीटी: लांब नाक, मागे सरकलेली केबिन, उतरतं टप. १९६१ मध्ये जिनिव्हात आलेली जॅग्वार ई-टाइप आठवा किंवा फोटो बघा. बॉनेट इतकं लांब की बाकीची गाडी त्याला मागून जोडल्यासारखी वाटते. तिची वळणं आखणारे माल्कम सेयर हे विमान उद्योगातून आलेले वायुगतीचे अभियंते होते. म्हणजे ते नाक नुसती हौस नव्हती. आत ३.८ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन होतं आणि बाहेरून त्याला वारा कापायचा होता.

कामासाठी आलेला आकार साठ-सत्तर वर्षं डोळ्यांसमोर राहिला की आपण तो कामापासून सुटा करून बघायला लागतो. लांब नाक म्हणजे ताकद, लांब नाक म्हणजे पैसा. मग प्रश्न येतो: बॉनेटखालचं इंजिन काढून घेतलं तर नाकाचं काय करायचं?

एकाच घरातली दोन उत्तरं

या प्रश्नाची दोन उलटसुलट उत्तरं एकाच कंपनीने दिली आहेत, आणि त्या कंपनीची मालकी मुंबईत आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही ब्रँड २३० कोटी डॉलरना घेतले, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. कव्हेंट्री, गेडन, सोलिहल या पट्ट्यात नोकरी करणारा एखादा मित्र तुमच्याही ओळखीत असेल.

पहिलं उत्तर २०१८ चं, जॅग्वार आय-पेस. तेव्हाचे डिझाइन प्रमुख इयन कॅलम यांनी विचार केला तो असा: इंजिन नाही, मग नाक आखूड करा, केबिन पुढे ढकला, आतली जागा वाढवा. जॅग्वारच्या सवयीच्या आकारापेक्षा ही गाडी वेगळी दिसली, आणि २०१९ ची 'वर्ल्ड कार ऑफ द इयर' ठरली.

दुसरं उत्तर डिसेंबर २०२४ मध्ये मायामीत आलं. टाइप ००, उच्चार 'टाइप झीरो झीरो'. ही कॉन्सेप्ट कार, म्हणजे विकायला नाही, दिशा दाखवायला बनवलेली. पुन्हा लांबच लांब बॉनेट, बसकं टप, मागे सरकलेली केबिन, २३ इंची चाकं. मागची काच नाहीच, तिथे अखंड पत्रा आणि मागचं बघायला कॅमेरे. दारं फुलपाखराच्या पंखांसारखी वर उघडतात. आत केबिनच्या मधोमध ३.२ मीटर लांबीची पितळी पट्टी आणि ट्रॅव्हर्टीन दगड. रंग दोन: गुलाबी आणि निळा. कौतुक करणारे होते, टिंगल करणारे त्याहून जास्त होते. तिच्यावर आधारलेल्या चार दारांच्या विक्रीच्या गाडीसाठी कंपनीने उद्दिष्ट सांगितलं ते असं: एका चार्जमध्ये युरोपच्या डब्ल्यूएलटीपी चाचणीनुसार ७७० किलोमीटरपर्यंत, आणि १५ मिनिटांच्या चार्जिंगमध्ये ३२१ किलोमीटरपर्यंत.

सहा वर्षांत एकाच घराने नाक कापलं आणि परत लावलं. आपल्याकडे म्हणतात ना, हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. टाइप ०० चं नाक दाखवायच्या दातांपैकी आहे का?

घाईने 'हो' म्हणू नका. आधी पायाखाली बघू.

बॅटरी पायाखाली, म्हणून टप वर

इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी साधारणपणे फरशीखाली, एखाद्या जाड गादीसारखी पसरलेली असते. जाडी दहा-पंधरा सेंटिमीटर. वजन खाली राहतं, वळणावर गाडी स्थिर राहते, हे चांगलं. पण त्या गादीवर फरशी, फरशीवर सीट, सीटवर माणूस, माणसाच्या डोक्यावर टप. सगळंच दहा-पंधरा सेंटिमीटर वर गेलं. एसयूव्हीत हे खपून जातं. जीटी मात्र बसकी दिसली नाही तर ती जीटीच वाटत नाही.

मग डिझाइनर युक्त्या करतात. एक, चाकं मोठी करायची, म्हणजे त्यांच्या तुलनेत बाजूचा पत्रा कमी उंच दिसतो. दोन, दोन चाकांमधलं अंतर वाढवायचं, म्हणजे बॅटरीला जास्त लांबी मिळते आणि जाडी कमी ठेवता येते. तीन, मागे बसणाऱ्यांचे पाय येतात तिथल्याच बॅटरीत खड्डा सोडायचा. पोर्शने टायकनमध्ये हे केलं. चार, बॅटरी इंग्रजी टी अक्षराच्या आकारात मधल्या बोगद्यात आणि सीटमागे रचायची. हे पिनिनफरिना बतिस्तामध्ये आहे. इटलीची पिनिनफरिना २०१५ पासून महिंद्रांच्या मालकीची आहे, म्हणजे पुन्हा मुंबईच. १२० किलोवॉट-तासाची बॅटरी, १,९०० हॉर्सपॉवर, आणि तरी गाडी जमिनीला चिकटलेली.

म्हणजे इलेक्ट्रिक जीटी लांब असण्याला एक खरं कारण आहे. पण ते कारण दोन चाकांच्या मधल्या लांबीचं आहे, नाकाचं नाही. नाकासाठी दुसरं कारण शोधावं लागेल. त्यासाठी परत बहरीनच्या दुपारी जाऊ.

पळताना वारा, थांबल्यावर ऊन

आता थोडं गणित. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. एका सुबक मोठ्या गाडीसाठी मी मांडलेला हिशोब असा: ताशी १०० च्या वेगाने १०० किलोमीटर जायला नुसता वारा कापण्यात सुमारे ७.५ युनिट वीज जाते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, घरच्या बिलावरचंच.) तेच अंतर ताशी १३० ने कापलं तर १२.६ युनिट. वेग ३० टक्के वाढवला, वाऱ्याचा खर्च जवळजवळ ७० टक्के वाढला. सौदीतल्या सरळ रस्त्यावर पाय आपोआप जड होतो, आणि रियाध दूर जायला लागतं.

यात उन्हाळ्याची एक छोटी मेहेरबानी आहे. गरम हवा विरळ असते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के हलकी, म्हणून वाऱ्याचा अडथळाही तेवढाच कमी. पण ऊन एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं.

केबिन थंड ठेवायला, समजा, एसी सतत अडीच किलोवॉट खातोय. ताशी १२० ने पळताना हा खर्च १०० किलोमीटरला जेमतेम २ युनिट, म्हणजे एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. फार जाणवणार नाही. आता कॉजवेवर या. सुटीच्या दिवशी सीमेवरच्या तपासणीला गाड्यांची रांग, तासाला दहा किलोमीटरने सरकणं. एसीचा अडीच किलोवॉटचा खर्च तोच, पण गाडी जात नाहीये. आता चाकांना लागते त्याच्या तिपटीहून जास्त वीज एसीला लागते. रांगेत दोन तास गेले तर ५ युनिट संपली, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचे वीस-पंचवीस किलोमीटर जागच्या जागी वितळले.

म्हणजे गाडी पळते तेव्हा तिचा आकार वाऱ्याने ठरवायला हवा, आणि थांबते तेव्हा उन्हाने. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. तिथे काच असेल आणि निम्मं ऊन आत आलं, तरी अर्धा किलोवॉट. तेही एसीनेच बाहेर फेकायचं. या नजरेने टाइप ०० ची न-असलेली मागची काच बघा. मायामीत ती अनेकांना नखरा वाटली. पण जीटीची मागची काच इतकी आडवी असते की तिच्यातून धड दिसत नाही, ऊन मात्र सगळं आत येतं. पोलस्टार ४ ही विक्रीची गाडीही मागच्या काचेशिवायच येते. आखातात ही काच जाणं म्हणजे गाडीला मागून सावली मिळणं. फक्त वाळू उडाली की कॅमेऱ्याच्या भिंगाचं काय, ते पुसणार कोण, याचं उत्तर सोबत द्यायला हवं. आखातात शमाल वारा सुटला की हा प्रश्न चर्चेचा राहत नाही.

नाकाला सापडलेलं नवं काम

लिथियम-आयन बॅटरीला साधारण आपल्यासारखंच हवामान मानवतं, २० ते ३५ अंश. सतत त्याहून गरम राहिली तर ती लवकर म्हातारी होते. बाहेर ४२ अंश असताना तिला नुसत्या वाऱ्याने थंड करता येत नाही; एसीच लागतो, तोच जो तुम्हालाही थंड करतोय.

सगळ्यात मोठी परीक्षा चार्जिंगची. १५ मिनिटांत ३२१ किलोमीटरची वीज भरायची म्हणजे, १०० किलोमीटरला २० युनिट धरले तर, पाव तासात सुमारे ६४ युनिट. सरासरी २५० किलोवॉटच्या वर. त्यातले फक्त ४ टक्के बॅटरीत जिरून उष्णता झाले असं धरलं, तरी १० किलोवॉट उष्णता. पुण्यातल्या बेडरूममध्ये लावतात तो दीड टनी एसी साधारण ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे असे जवळजवळ दोन एसी, निव्वळ बॅटरीसाठी, गाडी उभी असताना, ४२ अंशांच्या हवेत. वर तुम्ही आत बसलेले असाल तर तुमचा वेगळा.

आता बाल्कनीत लावलेलं एसीचं बाहेरचं युनिट डोळ्यांसमोर आणा. केवढी जाळी, केवढा पंखा. इलेक्ट्रिक जीटीला ते कुठेतरी ठेवायचं आहे, आणि त्याला भरपूर वारा मिळायला हवा. सगळ्यात चांगली जागा कोणती? नाक.

मला वाटतं, लांब बॉनेटचं प्रामाणिक समर्थन इथे आहे. इंजिन गेलं, पण उष्णता फेकायचं काम राहिलं, आणि गरम देशांत ते वाढलं. लांब नाकात मोठा कंडेन्सर तिरका बसवता येतो, गरम हवा बॉनेटवरून किंवा चाकांमागून बाहेर सोडता येते. पुढे भोक ठेवलं की वाऱ्याचा अडथळा वाढतो, म्हणून तिथे झडपा ठेवायच्या: पळताना बंद, चार्जिंगला उघड्या. आय-पेसच्या पुढच्या जाळीतही हलत्या झडपा होत्याच. म्हणून कॉन्सेप्ट कारचं सपाट, बंद, गुळगुळीत तोंड बघितलं की माझा पहिला प्रश्न असतो: हिचं घामाचं काम कोण करतंय? उत्तर असेल तर नाक खायच्या दातांत गेलं. नसेल तर नाकापेक्षा मोती जड.

पत्रा कुठला, वीज कुठली

बहरीन हे या गाडीसाठी आणखी एका कारणाने बोचरं ठिकाण आहे. आखाताच्या अरब बाजूला तेल पहिल्यांदा इथेच सापडलं, १९३२ मध्ये, जबल दुखान या टेकडीपाशी. नावाचा अर्थ 'धुराचा डोंगर'. तिथून थोड्याच अंतरावर सखीरचा सर्किट आहे, जिथे २००४ मध्ये मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. पहिली तेलविहीर आणि शर्यतीचा ट्रॅक असे शेजारी-शेजारी.

या देशाची वीज जवळजवळ सगळी नैसर्गिक वायूपासून येते. म्हणून इथे इलेक्ट्रिक जीटी धुराशिवाय चालत नाही. धूर फक्त दुसरीकडे निघतो. तरी फरक आहे. १०० किलोमीटरला २२ युनिट धरले तर वायूच्या विजेवर साधारण १० किलो कार्बन डायऑक्साइड. त्याच अंतराला १२ लिटर पेट्रोल पिणारी जीटी सुमारे २८ किलो. पण लहान इलेक्ट्रिक गाडी १५ युनिटांत तेच काम करते, हेही त्याच हिशोबात लिहायला हवं.

आणि पत्रा? वजन कमी करायला महागड्या गाड्यांत अॅल्युमिनियम वापरतात. बहरीनची 'अल्बा' ही कंपनी १९७१ पासून अॅल्युमिनियम वितळवते. आज वर्षाला १५ लाख टनांहून जास्त, जगातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यांपैकी एक. खनिजापासून एक किलो अॅल्युमिनियम काढायला साधारण १४ युनिट वीज लागते. समजा गाडीत ४०० किलो आहे. झाले ५,६०० युनिट. तेवढ्या विजेवर हीच गाडी सुमारे २५ हजार किलोमीटर चालली असती. शोरूममधून बाहेर पडायच्या आधीच मनामा ते रियाध पन्नास फेऱ्या. भंगारातून परत वितळवलेल्या अॅल्युमिनियमला मात्र याच्या विसाव्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते. गाडी 'स्वच्छ' आहे का, हे तिचा पत्रा जुना की नवा यावरही ठरतं, आणि ते फोटोत दिसत नाही.

मालक पूर्वेला, टेबल पश्चिमेला

बहरीनच्या सरकारी गुंतवणूक कंपनीने, मुमतलकातने, २००७ मध्ये ब्रिटनच्या मॅक्लारेनमध्ये ३० टक्के वाटा घेतला आणि पुढे वाढवत नेला. वर्षभराने मुंबईच्या टाटांनी जॅग्वार घेतली. पैसा उन्हाच्या देशांतला, पण चित्र काढायचं टेबल इंग्लंडच्या ढगाळ गावांत. टाटांनी स्वतःच्या नावाने इलेक्ट्रिक सेडानची कॉन्सेप्ट, ई-व्हिजन, २०१८ मध्ये जिनिव्हात मांडली होती. पण विलासी गाडी कशी दिसावी हे सांगायचा मान अजून जॅग्वारकडेच आहे.

यात तक्रार करण्यासारखं काही नाही, ठिकाण थंड असलं म्हणून डिझाइन वाईट होत नाही. सगळ्या मोठ्या कंपन्या वाळवंटात चाचण्या करतात, तेही खरं. पण माहितीपत्रकावरचा मोठा आकडा कुठून येतो ते बघा. डब्ल्यूएलटीपी चाचणी प्रयोगशाळेत, २३ अंशांना, एसी बंद ठेवून होते. ७७० किलोमीटर हा आकडा त्या खोलीतला आहे. कॉजवेवरच्या रांगेतला नाही आणि मे महिन्यातल्या वर्धा रोडवरचाही नाही. थंडी जिथे नियम आहे तिथे बसून नियम लिहिले की ऊन अपवाद ठरतं. आखात, भारत, आफ्रिका मिळून माणसं मोजली तर ते अपवाद नाही.

मुहर्रकमधलं शेख ईसा बिन अली यांचं जुनं घर बघायला मिळालं तर जरूर बघा. गच्चीवर वारा पकडणारा बुरूज आहे, आतून तो वारा खोलीत उतरतो. भिंती जाड, मधे अंगण. आपल्या वाड्यातही चौक, ओसरी आणि जाड भिंतीच होत्या. त्या काळी श्रीमंती बाहेरून दिसायची, पण तिची खरी खूण आत शिरल्यावर कळायची: दुपारी घर किती थंड आहे. बुरूज सुंदर दिसतो, कारण तो काम करतो आणि ते लपवत नाही.

तुमच्यापैकी कुणी डिझाइन शिकत असेल, कुणी बॅटरीवर पीएचडी, कुणी अशाच एखाद्या कंपनीत पहिल्या नोकरीत असेल. त्या टेबलावर तुम्ही बसणार आहात किंवा बसलेलेच आहात. तिथे लांब नाकाचं चित्र पुढे आलं की 'छान आहे' म्हणा, आणि मग विचारा: ४५ अंशांना, एसी चालू ठेवून, रांगेत उभं राहून ही किती जाईल? बॅटरीचा घाम कुठून निघेल? काच एवढी कशाला? पत्रा कितव्यांदा वितळलाय? हे प्रश्न विचारायला उन्हात वाढलेलं असणं ही कमतरता नाही, पात्रता आहे. मे महिन्यात बंद गाडीचं दार उघडून, स्टेअरिंगला हात न लावता आधी पाच मिनिटं बाहेर उभं राहायचं असतं, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलेलं नाही.